१७९५ : परळीच्या पायरीवरून पाहिलेले एक वर्ष

१/
स्पर्धा परीक्षांच्या टिपणवहीत १७९५ हे वर्ष तीन ओळींत आटोपते. ११ मार्च, खर्ड्याची लढाई, मराठ्यांचा अखेरचा एकत्रित विजय. १३ ऑगस्ट, अहिल्यादेवी होळकर यांचे निधन. २७ ऑक्टोबर, सवाई माधवराव पेशवे यांचे निधन. पहिली ओळ ‘महत्त्वाच्या घटना’ या मथळ्याखाली असते, उरलेल्या दोन ‘मृत्यू’ या मथळ्याखाली. पाठांतराला ही मांडणी सोयीची आहे. तिच्यामुळे त्या वर्षाचे आकलन मात्र बिघडले आहे, असे या धाग्याचे म्हणणे आहे.

२/
ते तपासायचे तर उभे राहण्याची जागा बदलावी लागते. १७९५ नेहमी पुण्याहून पाहिले जाते : शनिवारवाड्यातून स्वारी निघते, खर्ड्याला जिंकते, वाजतगाजत परतते. हा धागा तेच वर्ष परळी वैजनाथहून पाहतो. परळी तेव्हा मोगलाईत, म्हणजे हैदराबादच्या निजामअलीखानाच्या दौलतीत होती. खर्ड्यापासून ती सरळ रेषेत पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. लढाईच्या वर्णनात तिचे नाव येत नाही आणि येण्याचे कारणही नाही. तरीही त्या वर्षातून आज नेमके काय शिल्लक आहे, हे विचारायला परळीइतकी चांगली जागा दुसरी सापडणार नाही. का, ते पुढे येईलच.

३/
आधी खर्डा. चौथाईच्या थकबाकीवरून पुणे आणि हैदराबाद यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू होता. निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क पुण्याच्या मागणीची टर उडवू लागला होता. पुण्याचा धाक इतका कमी का झाला, याचे उत्तर १७९४च्या मृत्यूंत आहे. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी शिंदे वारले. त्याच वर्षी हरिपंत फडकेही गेले. उत्तरेचा सर्वांत बलाढ्य सरदार आणि पेशव्यांच्या हुजरातीचा सर्वांत अनुभवी सेनानी एकाच वर्षात नाहीसे झाले. निजामाच्या दरबाराने हे रिकामे झालेले आसन नीट पाहिले होते. म्हणजे ज्या लढाईला ‘घटना’ म्हणून वरच्या रकान्यात बसवले जाते, तिचे मूळच आदल्या वर्षीच्या खालच्या रकान्यात आहे.

४/
निजाम बिदरहून निघाला आणि मांजरा नदीच्या काठाने पश्चिमेकडे सरकला. मांजरा बालाघाटाच्या डोंगरात, आजच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि अंबाजोगाईच्या दक्षिणेकडून पुढे जाते. दोन्ही बाजूंच्या फौजांचा आकडा ग्रँट डफ प्रत्येकी लाखाच्या वर देतो. जुने आकडे फुगलेले असतात, म्हणून ते निम्मे धरले तरी त्यांच्या बरोबरचे घोडे, बैल, उंट, हत्ती, बाजारबुणगे यांना दररोज किती वैरण आणि किती धान्य लागत असेल, याचा हिशेब करून पाहावा.

आणि हा मुलूख तेव्हा कोणत्या अवस्थेत होता? १७९१-९२च्या भीषण दुष्काळाला, ज्याला लोकांनी ‘कवटीचा दुष्काळ’ म्हटले, जेमतेम तीन वर्षे झाली होती. मेलेल्यांना पुरायला माणसे उरली नाहीत आणि कवट्या रानोमाळ पडून राहिल्या, म्हणून ते नाव. हैदराबादच्या दौलतीला आणि दख्खनला त्याची सर्वांत मोठी झळ बसली होती. खर्ड्याच्या लढाईवरील कोणत्याही उत्साही चित्रफितीत हा दुष्काळ दिसत नाही.

५/
लढाई अशी फार झाली नाही. ११ मार्चला मराठ्यांचे नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी, तुकोजी होळकर, नागपूरचे रघूजी भोसले असे सगळे एका निशाणाखाली होते. निजामाच्या कवायती पलटणी रेमाँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखाली होत्या. शिंद्यांच्या पलटणींचा म्होरक्या पेराँ हाही फ्रेंचच. मराठ्यांच्या अखेरच्या एकत्रित विजयात दोन्ही बाजूंच्या बंदुका फ्रेंच हुकमावर चालत होत्या, ही गोष्ट विजयाच्या पोस्टरवर सहसा छापली जात नाही.

६/
संध्याकाळनंतर निजामाने माघार घेतली आणि खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय केला. ही माघार जनानखान्यातल्या बेगमेच्या भीतीमुळे झाली, अशी कथा ग्रँट डफपासून चालत आलेली आहे. ती सावधपणे घ्यावी. पराभवाचे खापर बायकांच्या माथी फोडण्याची सवय सर्वच दरबारांना होती. त्यातही मौज अशी की निजामाच्या फौजेत बायकांची शस्त्रधारी पलटण होती आणि ती खर्ड्याच्या मोहिमेत होती. तिची कामगिरी इतरांपेक्षा उणी नव्हती, असे पुढे हैदराबादेत राहिलेल्या इंग्रज वकिलाने लिहून ठेवले आहे. एका बाजूला घाबरलेली बेगम आणि दुसऱ्या बाजूला ती पलटण. लोकांच्या लक्षात बेगम राहिली.

७/
निजामाला हरवले ते पाण्याने. मार्चचा महिना, बालाघाटाच्या कुशीतला छोटा भुईकोट, आत हजारो माणसे-जनावरे, बाहेर मराठ्यांचा वेढा. मराठवाड्यात मार्चमध्ये पाण्याची काय स्थिती असते हे परळी-बीडच्या वाचकाला सांगायला नको. थोड्याच दिवसांत निजामाने तहाची याचना केली.

तो किल्ला बांधला होता निंबाळकरांनी. हे मराठा घराणे पिढ्यान्‌पिढ्या निजामाच्या चाकरीत होते. खर्ड्याची लढाई ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ अशी रंगवणाऱ्याने, निजामाने जीव वाचवायला ज्या भिंतींचा आसरा घेतला त्या कोणी उभारल्या, एवढे तरी पाहावे.

८/
तहाच्या अटी कागदावर मोठ्या होत्या. दौलताबादच्या किल्ल्यासह परांड्यापासून तापीपर्यंतचा पट्टा, थकबाकी आणि खर्चापोटी ३ कोटी रुपये, आणि खुद्द मशीरुल्मुल्क पुण्याच्या स्वाधीन. परळी त्या पट्ट्याच्या पूर्वेला होती. तिच्या महसुलाचा मालक बदलला नाही.

९/
या विजयावरचे त्या काळातले सर्वांत बोलके भाष्य ज्याच्या नावाने तो मिळवला गेला त्याचेच आहे. मशीरुल्मुल्कला छावणीत आणले गेले तेव्हा एकविसाव्या वर्षात असलेले सवाई माधवराव खिन्न दिसले. नानांनी कारण विचारले. एवढ्या लाजिरवाण्या रीतीने शरण येणारे मोगल आणि श्रमाविना मिळालेल्या जयाची फुशारकी मारणारे आपले शिपाई, दोघांचाही ऱ्हास पाहून वाईट वाटते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असे ग्रँट डफ सांगतो. आठवण तंतोतंत खरी असेलच असे नाही. ग्रँट डफ साताऱ्याला होता तो १८१८ नंतर, म्हणजे हे त्याने ऐकलेले आहे. तरी तिच्यात एक वजन आहे. जिंकणाऱ्या पक्षातल्या लोकांनीच हा विजय पुढच्या पिढीला सांगताना त्याच्याबरोबर ही खिन्नताही सांगितली.

१०/
आता मोगलाईकडे. पराभवानंतर निजामाने आपल्याकडे असलेल्या इंग्रजांच्या पलटणी परत पाठवून दिल्या. त्याचा राग समजण्यासारखा होता. त्याने मदत मागितली होती आणि गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थतेचे कारण सांगून ती नाकारली होती. इतक्यात, त्याच वर्षाच्या जूनअखेरीस, निजामाचा मुलगा आलीजाह याने बंड केले आणि बिदर गाठले. निजामाला त्याच इंग्रजी पलटणी पुन्हा बोलवाव्या लागल्या. बंड मोडले ते मात्र रेमाँने. आलीजाह पकडला गेला आणि हैदराबादला नेले जाण्यापूर्वी विष घेऊन मेला.

बापाविरुद्ध उठलेला आणि विष घेऊन मेलेला हा शहजादा १७९५च्या कोणत्याही मराठी यादीत नाही. परळीच्या माणसाच्या दृष्टीने ही त्या वर्षातली सर्वांत जवळची राजकीय घटना होती. खर्ड्याच्या तोफा पश्चिमेला थांबल्या न थांबल्या, तोच आग्नेयेला बिदरकडून दुसरी धामधूम सुरू झाली.

११/
श्रावण वद्य चतुर्दशी, शके १७१७. इंग्रजी तारीख १३ ऑगस्ट १७९५. महेश्वरला अहिल्यादेवी होळकर वारल्या. वय सत्तर.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडीला झाला. चौंडी आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे. खर्डाही जामखेड तालुक्यातच. ज्या वर्षाच्या मार्चमध्ये दोन दौलतींच्या फौजा त्यांच्या माहेरच्या मुलखात एकमेकींवर धावून गेल्या, त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये त्या नर्मदाकाठी गेल्या. मथळ्यांच्या रकान्यांत या दोन नोंदी शेजारी येतच नाहीत, म्हणून हा भूगोल कोणाच्या ध्यानात येत नाही.

१२/
मृत्यूंची यादी वाचताना एक साधी गोष्ट विसरली जाते. मरण पावलेल्या माणसाने आपल्याआधी किती मृत्यू पाहिले, हेही त्या नोंदीतच दडलेले असते. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव. १७६७ मध्ये मुलगा मालेराव. पुढे नातू गेला, मग जावई यशवंतराव फणसे. आणि मुलगी मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली. यादीतल्या ‘१७९५ : अहिल्यादेवी होळकर’ या एका ओळीच्या मागे एक घर पुरते रिकामे झालेले आहे. या काळात त्यांनी जवळपास तीन दशके राज्य चालवले.

१३/
आणि आता परळी.

वैजनाथाचे देऊळ यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या काळातले, अशी परंपरा आहे. त्याचा जीर्णोद्धार अहिल्यादेवींनी केला. ज्या रुंद दगडी पायऱ्या चढून माणसे देवळात जातात, जिथे पिंडीला हात लावून दर्शन घेण्याची मुभा आहे, ते आजचे देऊळ त्या जीर्णोद्धाराचे आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला त्या पायऱ्यांवर उभे राहायला जागा नसते.

हे सर्वांना ठाऊक आहे. परळीतले शाळकरी मूलही ते सांगेल. पुढचा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. परळी होळकरांच्या राज्यात नव्हती. ती पेशव्यांच्या थेट अमलातही नव्हती. ती निजामाच्या मुलखात होती, म्हणजे ज्याच्याशी खर्ड्याला लढायचे होते त्याच्याच. तिथे महेश्वरच्या बाईंचे बांधकाम झाले कसे?

१४/
पैशाचे उत्तर ‘खासगी’त आहे. होळकरांच्या दौलतीचे दोन हिशेब होते. एक दौलतीचा, जो फौजेवर आणि कारभारावर खर्च होई. दुसरा खासगीचा, जो घरच्या स्त्रीच्या अखत्यारीत असे. थोरल्या बाजीरावांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीचा सरंजाम करून दिला. गौतमाबाईंच्या पश्चात तो अहिल्यादेवींकडे आला. काशी, सोमनाथ, गया आणि परळी यांसारखी दूरदूरची कामे या पैशातून उभी राहिली. त्या कामांसाठी राज्य असावे लागले नाही, जिंकावेही लागले नाही.

१५/
परवानगीचे उत्तर जॉन माल्कमकडे मिळते. १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानवरच्या आपल्या ग्रंथात त्याने अहिल्यादेवींविषयी जुन्या माणसांकडून ऐकलेले बरेच काही नोंदवले आहे. दख्खनचा निजाम आणि टिपू सुलतान हे दोघेही पेशव्यांइतकाच त्यांचा आदर करीत, असे त्याला सांगण्यात आले होते. माल्कमचा सूर भारावलेला आहे, हे खरे. पण परळीचे देऊळ या विधानाला दगडाची साक्ष देते. मोगलाईत देवळाचे एवढे काम निजामाच्या अंमलदारांच्या डोळ्यांआड होणे शक्य नव्हते. पाथरवट, चुना, गाडे, बैल, जकातीची नाकी यांतले काहीच लपवता येत नाही. ते होऊ दिले गेले.

१६/
हे लिहिताना निजामाला सहिष्णुतेचे प्रशस्तिपत्र देण्याचा हेतू नाही. अठराव्या शतकात दख्खनच्या सत्ता एकमेकींशी लढत आणि त्याच वेळी एकमेकींच्या मुलखातली देवस्थाने, इनामे, वर्षासने चालू राहू देत. त्यांना त्यात विसंगती दिसत नसे. ती आजच्या डोळ्यांना दिसते, कारण आजचे डोळे लढाईकडे पाहून सीमा आखतात. परळीच्या पायऱ्यांनी त्या काळाची सीमा वेगळ्या ठिकाणी होती हे दाखवून दिले आहे. खर्ड्याचा नकाशा घेऊन परळीचे देऊळ समजत नाही.

१७/
ऑक्टोबर. नवरात्र-दसरा पार पडला आणि तापाने आजारी असलेले सवाई माधवराव २५ तारखेला शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडले. २७ तारखेला गेले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या या मुलाला चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रे मिळाली होती. पेशवा नसलेला एक दिवसही त्याला आठवत नसेल.

आत्महत्या की अपघात, यावर दोनशे वर्षे शाई खर्ची पडली आहे. ग्रँट डफने नानांच्या जाचाला दोष दिला. नंतरच्या मराठी इतिहासकारांपैकी अनेकांनी तापाच्या भरातला तोल जाणे अधिक संभवनीय मानले. हा वाद रंजक आहे आणि समाजमाध्यमांवर त्यालाच सर्वाधिक मागणी आहे. त्याने झाकली जाणारी गोष्ट अधिक गंभीर आहे. मुलगा नव्हता, वारस ठरलेला नव्हता, आणि वारसाचा प्रश्न कोणी कसा सोडवायचा याची कोणतीही मान्य रीत नव्हती. सगळा डोलारा नाना फडणवीस या एका वृद्ध माणसाच्या हुशारीवर उभा होता. सात महिन्यांपूर्वी ज्या सत्तेने लाखाची फौज उभी केली, तिच्याजवळ उद्याचा पेशवा कोण याचे उत्तर नव्हते.

१८/
या प्रसंगातली एक व्यक्ती तर कुठल्याच यादीत येत नाही. सवाई माधवरावांच्या दुसऱ्या पत्नी यशोदाबाई. वयाने मूलच. नवरा गेल्यावर राजकारणाला दत्तकपुत्राची गरज भासली, तेव्हा १७९६ मध्ये चिमाजीअप्पाला त्यांच्या मांडीवर देण्यात आले. म्हणजे चुलतसासऱ्याला मुलगा करून घ्यायचे. ती तरतूद मोडल्यावर त्यांची गरज संपली आणि पुढचे आयुष्य रायगडावर गेले. तिथेच १८११ मध्ये त्या वारल्या. ‘खर्ड्याचा विजय’ आणि ‘पेशव्यांचा मृत्यू’ या दोन नोंदींच्या मध्ये ही मुलगी उभी आहे.

१९/
युरोपातल्या याच आठवड्याची एक नोंद अनेकदा जोडीला सांगितली जाते, ती सांगण्यासारखीही आहे. २४ ऑक्टोबर १७९५ रोजी, म्हणजे माधवराव पडले त्याच्या आदल्या दिवशी, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडच्या तिसऱ्या आणि अखेरच्या फाळणीवर शिक्कामोर्तब केले. तो देश नकाशावरून पुसला गेला आणि १९१८ पर्यंत परतला नाही. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तारखा शेजारी आल्या म्हणून कार्यकारणभाव शोधू नये. संबंध आहे तो हॉलंडशी. त्या वर्षाच्या जानेवारीत फ्रेंच फौजांनी हॉलंड घेतले, आणि इंग्रजांना डच वसाहतींवर हात टाकायला निमित्त मिळाले. ऑगस्टमध्ये श्रीलंकेतले त्रिंकोमाली, सप्टेंबरमध्ये केप, ऑक्टोबरमध्ये कोची. दख्खनच्या दौलती ज्या वर्षी चौथाईचा हिशेब मिटवत होत्या, त्या वर्षी समुद्राच्या वाटेवरची एकेक जागा इंग्रजांकडे जात होती.

२०/
मृत्यूंच्या रकान्यात आणखी एक नाव घालायला हवे. जेम्स वेल्स, स्कॉटिश चित्रकार. नाना आणि सवाई माधवराव यांचे जे चित्र पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचे झाले, ते त्याचे. वेरूळच्या लेण्यांची रेखाटने त्याने पुण्याच्या गंगाराम तांबटाच्या साथीने केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, पेशव्यांमागोमाग महिन्याभरात, तोही वारला. त्या पिढीचे चेहरे आज डोळ्यांसमोर येतात ते मुख्यतः त्याच्या हातामुळे.

२१/
आता हिशेब. ८ ऑक्टोबर १७९६ रोजी महाडला नानांनी निजामाशी तह केला. पेशवाईच्या वारसाच्या भांडणात निजामाची मदत हवी होती. तिच्या बदल्यात खर्ड्याला मिळालेला मुलूख परत करण्याचे आणि उरलेल्या पैशांची मागणी सोडण्याचे कबूल झाले. मशीरुल्मुल्क सुटला. खर्ड्याचे सेनापती परशुरामभाऊ आणि खर्ड्याचे सूत्रधार नाना तोवर एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना गेले होते. लढाईपासून या तहापर्यंत एकोणीस महिने. ११ मार्च ज्यांना पाठ आहे, त्यांतल्या फार थोड्यांना ८ ऑक्टोबर ठाऊक असतो.

२२/
निजामाने खर्ड्यातून घेतलेला धडा मात्र टिकला. पुणे पुन्हा चाल करून येईल, या भीतीने त्याने आधी रेमाँच्या पलटणी वाढवल्या. त्या फ्रेंच पलटणी इंग्रजांच्या डोळ्यांत खुपल्या. रेमाँ मेल्यावर, १ सप्टेंबर १७९८ च्या तहाने, निजामाने त्या मोडून टाकण्याचे मान्य केले आणि इंग्रजांची तैनाती फौज कायमची पदरी घेतली. त्या दिवसानंतर पुण्याला किंवा कोणालाही निजामावर खर्डा करणे शक्य राहिले नाही, कारण त्याच्यावर हल्ला म्हणजे इंग्रजांवर हल्ला.

म्हणून परळीहून पाहिले तर खर्ड्याचा दूरगामी परिणाम पुण्याच्या पुस्तकांत लिहिला जातो त्याच्या उलट दिसतो. त्या विजयाने निजामाची सत्ता सैल झाली नाही. ती इंग्रजांच्या संरक्षणाखाली गेली आणि परळीवर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिली. हे अटळ होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. सवाई माधवराव जगले असते, वारसाची भांडणे झाली नसती, तर निराळे काही घडलेही असते. पण जे घडले त्याच्या साखळीत खर्डा ही एक कडी आहे, आणि मराठवाड्याचा इतिहास शिकवताना ती कडी सांगितली जात नाही. यादवांनंतर थेट मुक्तिसंग्राम, मधली सहा शतके कोरी, अशा पद्धतीने या प्रदेशातल्या मुलांना स्वतःचा इतिहास मिळतो. ते भूतकाळात आपले काही शोधू लागले की हाती पुण्याचे विजय येतात.

२३/
अखेरीस एक दुरुस्ती, कारण धागे वाचणाऱ्यांनी ती करण्यासारखी आहे.

परळीच्या देवळाविषयीच्या लेखांत आणि चित्रफितींत ‘अहिल्यादेवींनी इ.स. १७०६ मध्ये जीर्णोद्धार केला’ असे वाक्य सर्रास फिरते. १७०६ मध्ये औरंगजेब जिवंत होता. थोरले बाजीराव सहा वर्षांचे होते, मल्हारराव होळकर बारा-तेरा वर्षांचे. अहिल्यादेवींच्या जन्माला अजून एकोणीस वर्षे अवकाश होता. हे वाक्य शेकडो वेळा पुढे पाठवले गेले आहे, आणि पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना ३१ मे १७२५ ही तारीख पाठ असते.

२४/
आकडा मात्र निव्वळ कल्पनेतून आला असेल, असे वाटत नाही. अठराव्या शतकात हिशेब, पत्रे, शिलालेख शकात लिहिले जात. शकाचा आकडा कोणीतरी इसवी सन म्हणून उतरवून घेतला की असा घोळ होतो. जुन्या देवळांच्या माहितीफलकांवर तो पदोपदी आढळतो. अनुमान म्हणून, केवळ अनुमान म्हणून, १७०६ हा शक धरून पाहावा आणि त्यात ७८ मिळवावे. उत्तर १७८४ येते. त्या वर्षी अहिल्यादेवी एकोणसाठ वर्षांच्या होत्या. काशीच्या देवळाचे काम होऊन चार वर्षे झाली होती, सोमनाथचे होऊन एक. सवाई माधवराव दहा वर्षांचे होते. आणि परळीच्या पश्चिमेला, निंबाळकरांच्या त्या भुईकोटाभोवती, वेढा पडायला अकरा वर्षे होती.